परगावची आंघोळ

गेल्या पौषातल्या एका सकाळी साताऱ्यातल्या एका दवाखान्यात नात्यातल्या कुणासाठी डबा घेऊन गेले होते. फाटकाबाहेर चहाच्या गाड्याजवळ एक बाई उभी होती. वय पन्नाशीच्या पुढचे असावे. नऊवारी लुगडे, त्यावर पुरुषी स्वेटर, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर आणि काखेत पिशवीत गुंडाळलेले दुसरे लुगडे. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले, मी इथलीच आहे एवढी खात्री करून घेतली आणि हळू आवाजात विचारले, "बाई, हितं कुठं अंगावर पाणी घ्यायला मिळंल का?" तिची मूठ मिटलेली होती आणि मुठीतून दहाच्या नोटेचे टोक दिसत होते, फुकट काही मागण्याचा तिचा विचार नव्हता. नवऱ्याला दाखल करून बरेच दिवस झाले होते. रात्री ती व्हरांड्यात आडवी होत असे, हातपाय-तोंड नळावर धुता येत होते, पण आंघोळ झाली नव्हती. मी मनातल्या मनात सगळे गाव फिरून आले. लॉजवर जावे तर दिवसाचे पूर्ण भाडे द्यावे लागणार. शौचालये मला माहीत होती, पण बाईमाणसाला दार लावून गरम पाण्याने आंघोळ करता येईल असे एकही ठिकाण मला आठवेना. शेवटी मी म्हटले, "माझ्या घरी चला, रिक्षाने दहा मिनिटांत पोचू." तिने वळून वरच्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिले, म्हणाली, "नको, डॉक्टर यायची येळ झाली," आणि पिशवी सावरत आत निघून गेली.

तिचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. ज्या गावाला कासच्या तलावाचे पाणी डोंगरउताराने येते, ज्याच्या पेठांमध्ये अजून जुने हौद दाखवता येतात, ज्याच्या शेजारी माहुलीला कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना भेटतात, त्या गावात परगावहून आलेल्या एका बाईला दोन बादल्या पाणी कुठे मिळेल हे, इतकी वर्षे इथे राहूनही, मला सांगता आले नाही. ती ज्या बाजूची होती त्याच बाजूची मीही आहे. तिच्या बोलण्यातला 'हितं' माझ्या आजीचा होता.

पुरुषांसाठी या प्रश्नाचे उत्तर साताऱ्यात एके काळी होते.

एसटी स्टँडच्या आसपास तेव्हा अशी केशकर्तनालये होती की त्यांच्या दारावर, दाढी आणि कटिंगच्या दरांच्या खाली, 'येथे गरम पाण्याने आंघोळीची सोय आहे' अशी ओळ लिहिलेली असे. जिल्ह्याच्या प्रत्येक गावात, रेल्वे स्टेशनाजवळ, बाजारपेठेच्या तोंडाशी अशी दुकाने असत आणि माझ्या पिढीच्या कितीतरी माणसांनी ती पाहिलेली असतील. पुढे आरसे, खुर्च्या, तुरटीचा खडा, देवादिकांची कॅलेंडरे आणि रेडिओ. मागे एक अरुंद बोळ. बोळाच्या शेवटी पिंपाएवढा तांब्याचा बंब आणि त्याच्या दोन्ही अंगांना शहाबादी फरशीच्या लहान लहान न्हाण्या. कोर्टाच्या तारखेला आलेला शेतकरी, फिरतीवरचा विक्रेता, मुलगी पाहायला निघालेला नवरामुलगा आणि त्याचे मामा, असे सगळे तिथे येत. पण आमच्या भागाच्या दृष्टीने त्या न्हाण्यांचे खरे गिऱ्हाईक म्हणजे मुंबईकर. आमच्याकडे मुंबईकर म्हणजे गिरणीत काम करणारा गावचा माणूस. माण आणि खटाव या तालुक्यांतल्या घरटी एखादा तरी पुरुष तेव्हा परळ-लालबागच्या बाजूला कुठल्या ना कुठल्या खात्यावर होता. माझे वडील साळखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते.

जत्रेला किंवा दिवाळीला आम्ही गावी निघालो की रात्रीची एसटी धरत असू. खंबाटकीचा घाट झोपेत जाई आणि पहाटे, तांबडे फुटायच्या आत, गाडी साताऱ्यात येई. गावाकडे जाणारी पहिली गाडी सुटायला अजून बराच अवकाश असे. त्या मधल्या वेळात वडील आणि माझा भाऊ त्या दुकानाकडे जात, आणि आई व मी ट्रंकेवर बसून राहत असू. आंघोळ साताऱ्यातच उरकून घेण्याचे कारण निव्वळ टापटीप हे नव्हते. आमचे गाव माणदेशातले, पावसाच्या सावलीतले. डिसेंबर संपता संपता विहिरी तळाला लागत आणि पाणी डोक्यावरून आणावे लागे. मुंबईहून आलेली चार माणसे घरात पाय ठेवताच आंघोळीला बसली तर आजीच्या आणि काकूच्या किती खेपा वाढतील याचा हिशेब वडिलांच्या डोक्यात पक्का होता. शहराचे पाणी अंगावर घेऊन घरी जायचे, घरचे पाणी जनावरांना आणि चुलीला राहू द्यायचे. शिवाय प्रवासाचा धूर आणि गिरणीतला कापूस धुऊन, दाढी करून, ट्रंकेतला धुतलेला सदरा घालून गावच्या वेशीत शिरायचे, यात त्यांची एक शानही होती. ती शान मला आजही आवडते. वर्षभर दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा माणूस गावात मात्र स्वच्छ आणि ताठ यायचा, आणि त्यासाठी लागणारे ऊन पाणी त्याला साताऱ्यातला एक न्हावी काही आण्यांत देत होता.

आतले सगळे मला भावाकडून कळले. तो इतके बारकाईने सांगायचा की मी ती जागा पाहिलीच आहे असे मला वाटे. बंबाच्या पोटातून जाणाऱ्या नळकांड्यात करवंट्या, लाकडाच्या ढलप्या आणि भुसा जळत असे आणि पाणी त्या नळकांड्याभोवती तापे. खालच्या तोटीने जेवढे कढत पाणी काढावे तेवढे गार पाणी वरून ओतावे लागे. ते काम करणारा पोरगा मालकाचाच पुतण्या होता आणि त्याच्या भुवया नेहमी जळलेल्या असत. एका माणसाला एक बादली ठरलेली. बादलीत विसण, म्हणजे गार पाणी, किती घालायचे हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे, आणि वडील फारच थोडे घालत. साबणाची वडी दोऱ्याने अर्धी कापलेली असे. पंचा हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे. आंघोळ झाली की बाहेरच्या खुर्चीत बसायचे, खोबरेल तेलाच्या बाटलीच्या बुचाला पाडलेल्या भोकातून तळव्यावर चार थेंब घ्यायचे आणि मग मालक डोक्याला अशी चंपी करी की झोपलेल्या माणसाची झोप उडे आणि जागा असलेल्याला झोप येई. या चंपीची कीर्ती फार जुनी आणि फार लांबची आहे. १७५९ साली पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या समुद्रकाठी वाफेच्या आंघोळीचे आणि चंपीचे घर उघडले, आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना आपल्या सेवेत नेमले. आमच्या त्या दुकानाच्या मालकाला हे कुणी सांगितले असते तर त्याला आश्चर्य वाटले नसते. आपल्या हातात काय आहे हे त्याला पुरते ठाऊक होते.

मी पाहिली ती दुकानाची मागची बाजू. स्टँडवर बसून पाय गारठले की आई मला जरा हिंडून ये म्हणायची आणि मी त्या बोळाच्या पलीकडच्या गल्लीत जायची. तिथे भिंतीतून एक मोरी बाहेर येई. मार्गशीर्षाच्या थंडीत त्या मोरीतून वाफाळलेले, साबणाच्या फेसाचे पाणी वाहायचे आणि त्याला लाइफबॉयचा तो औषधी वास असायचा. बाजूलाच बंबातून काढलेल्या राखेचा ढीग असे. वरून करडा, आत अजून लाल. मी त्यावर हात धरून उभी राहत असे. आतून पाणी ओतल्याचे, खाकरल्याचे, कुणी तरी मोठ्याने म्हटलेल्या 'हर गंगे'चे आवाज येत. भिंतीच्या आत जे चालले होते त्याची ऊब, वास आणि आवाज असे सगळे माझ्यापर्यंत येत होते आणि मी बाहेर होते. त्या वयात मला त्याचे दुःख झाल्याचे आठवत नाही. पुरुष आंघोळीला जातात आणि बायका सामान सांभाळतात, एवढे मला समजत होते. वडील आणि भाऊ परत येत तेव्हा त्यांच्या गालांना तुरटीचा आणि केसांना खोबऱ्याचा वास येत असे. मग आई पदराचे टोक स्टँडवरच्या नळाखाली भिजवून माझे तोंड पुसायची, त्याच पदराने स्वतःचे पुसायची आणि वेणी न सोडता वरच्या वर फणी फिरवायची.

एका वर्षी आईला अंगात कणकण होती. वडिलांनी दुकानाच्या मालकाला विचारले, "आमच्या मंडळींसाठी काही जमेल का?" मालक चांगला माणूस होता, त्याला हा प्रश्नच अवघड गेला. "दादा, न्हाण्या सगळ्या पुरुषांच्या. बाईमाणूस आत आलं तर बाकीचे काय म्हणतील," एवढे तो म्हणाला आणि पुन्हा वस्तरा पालवू लागला. पण वरच्या माडीवर त्याचे बिऱ्हाड होते आणि त्याच्या बायकोने ते ऐकले होते. तिने जिन्यातून मला खूण केली. आम्ही दोघी वर गेलो. तिच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक मोरी होती, मोरीला जुन्या लुगड्याचा आडपडदा होता. तिने खालून पोराला हाक मारून दोन घागरी ऊन पाणी मागवले, घंगाळात ओतले, विसण घालून मनगटाच्या आतल्या बाजूने पाहिले आणि आईला म्हणाली, "बसा, मी पाठ चोळते." आई संकोचली. तिने ऐकले नाही. पडद्याच्या अलीकडे पाटावर बसून मी वज्रीचा आवाज ऐकत होते आणि दोघींचे बोलणे ऐकत होते. माहेर कुठले, सासूचे दिवस कसे, मुंबईत पाणी किती वाजता येते. आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना, इतका तो सैल झाला होता. पैसे घ्यायला त्या बाईने साफ नकार दिला. आज आईचे वय ऐंशीच्या पुढे आहे, नावे विसरते, औषधे घेतली की नाही हे विसरते, पण त्या माडीवरच्या आंघोळीची आठवण काढली की ती न चुकता म्हणते, "पाठ चोळली तिनं. लग्नानंतर तवर कुणी चोळली नव्हती."

आपली पाठ आपल्याला धुता येत नाही ही गोष्ट मी फार उशिरा, आणि फार लांबच्या गावी, नीट समजून घेतली. मुलीच्या कामाच्या निमित्ताने काही दिवस इस्तंबूलला राहणे झाले, तेव्हा तिने हट्टाने मला चेंबरलिताशच्या हमामात नेले. तो हमाम १५८४ साली बांधला गेला, त्याची रचना ऑटोमन दरबाराचा थोर स्थपती मिमार सिनान याची मानतात आणि तो बांधवून घेतला एका बाईने, सुलतान तिसऱ्या मुरादची आई नूरबानू सुलतान हिने. हे सगळे तिथे जाण्यापूर्वी मी वाचले होते. वाचून जे कळले नव्हते ते आत गेल्यावर कळले. आधी एक गार दालन लागते, मग कोमट, मग ऊन; अंगाला उष्णतेची ओळख सावकाश करून दिली जाते. मधोमध संगमरवराचा मोठा बहुकोनी ओटा असतो आणि तो खालून तापलेला असतो, कारण भट्टीचा धूर आणि गरम हवा जमिनीखालच्या पोकळीतून आणि भिंतींतल्या नळ्यांतून फिरवलेली असते. वर घुमट, घुमटात काचेची गोल गोल झरोकी, आणि त्यांतून खाली उतरणारा प्रकाश वाफेत जाड झालेला. सगळ्या बायकांना सारखेच एक चौकड्यांचे सुती वस्त्र गुंडाळायला दिलेले. कोण कोणत्या देशाची, कुणाची ऐपत काय, याची एकही खूण अंगावर उरत नाही.

माझ्या वाट्याला आलेली बाई माझ्याच वयाची, भरल्या अंगाची होती. आम्हा दोघींना समजेल अशी एकही भाषा नव्हती. तिने ओट्यावर थाप मारली, मी आडवी झाले. खांद्यावर बोट टेकवले, मी कुशीवर वळले. हातात खरखरीत पिशवीचा मोजा घालून तिने माझी पाठ मानेपासून कमरेपर्यंत अशी घासली की मळाच्या सुरळ्या निघाल्या. त्या तिने मला उचलून दाखवल्या आणि मनापासून हसली. रोज आंघोळ करणाऱ्या माझ्यासारखीला ते पाहून अवघडायला हवे होते. पण मीही हसले. मग एका कापडी पिशवीत हवा भरून ती पिळून तिने एवढा फेस काढला की मी त्यात दिसेनाशी झाले. पुढे भिंतीकडे नेऊन एका संगमरवरी कुंडाजवळ बसवले. त्या कुंडाला तळाशी पाणी जायला भोक नव्हते. वापरलेले पाणी त्यात परत पडता कामा नये, कुंडात कुणी उतरता कामा नये, वाडग्याने ताजे पाणी घेऊन अंगावर ओतायचे आणि ते वाहून जाऊ द्यायचे, ही तिथली रीत. साचलेल्या पाण्यात डुंबण्यापेक्षा वाहते पाणी शुद्ध, हे माझ्या आजीला पटले असते. डोक्यावरून पाणी ओतताना त्या बाईने दुसरा हात माझ्या कपाळावर आडवा धरला, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून. लहानपणी न्हायच्या दिवशी आई असाच हात धरायची. तिथे माझे अंग ताठ राहणे संपले.

नंतर मुलीने विचारले, कसे वाटले. मला माडीवरून उतरणाऱ्या आईचा चेहरा आठवत होता.

त्या हमामाविषयी आणखी दोन गोष्टी मला कळल्या आणि त्या दोन्ही मला आजपर्यंत पुरल्या आहेत. पहिली ही की नूरबानूने तो हमाम नुसता धुण्यान्हाण्यासाठी बांधवला नव्हता. बॉस्फरसच्या पलीकडे उस्कुदारला तिने मशीद, मदरसा, अन्नछत्र आणि दवाखाना असा मोठा धर्मादाय समूह उभा केला होता, आणि त्याचा खर्च चालावा म्हणून उत्पन्नाचे साधन म्हणून हा हमाम होता. आंघोळीच्या पैशांवर दवाखाना चालत होता. दुसरी गोष्ट ही की हमामाचे स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी असे दोन सारखे भाग होते, आणि एकोणिसाव्या शतकात शेजारचा रस्ता रुंद करायची वेळ आली तेव्हा स्त्रियांच्या भागातले बाहेरचे दालन कापले गेले. रस्ता त्या बाजूला होता, हे खरे असेल. तरीही ती कापलेली बाजू पाहताना माझ्या मनात जे आले ते आलेच. १७१७ साली तुर्कस्तानात आलेली लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू ही इंग्रज राजदूताची पत्नी सोफिया शहरातल्या स्त्रियांच्या हमामात गेली होती आणि तिने आपल्या पत्रात लिहिले की हे बायकांचे कॉफीगृह आहे, गावातल्या सगळ्या बातम्या इथे सांगितल्या जातात. घराबाहेर हक्काने बसायला, बोलायला, आडवे व्हायला बायकांना जी मोजकी ठिकाणे होती त्यांतले ते एक. आमच्याकडे तसे काय होते म्हणाल तर नदी. माहुलीच्या घाटावर पर्वणीला आईबरोबर मी गेले आहे. हजारो माणसांच्या देखत, अंगाचा एक इंच न दिसू देता, ओले लुगडे सोडत कोरडे नेसण्याचे बायकांचे ते कसब मी पाहिले आहे. लोकांना त्यात संस्कृती दिसते. मला त्यात दात लागणारी थंडी आणि कुणी पाहत तर नाही ना म्हणून सतत वळणाऱ्या माना आठवतात. नदीचे पाणी फुकट होते, पण आडोसा नव्हता.

आता सांगायची गोष्ट मला जड जाते. जुन्या हमामांविषयी आणि न्हाण्यांविषयी लिहिताना आपण वाफेत आणि आठवणीत रमतो, आणि आत कोण येऊ शकत नव्हते हे विचारायचे राहून जाते. इस्तंबूलची बेघर पोरे हिवाळ्यात हमामाच्या भट्टीपाशी, उबदार राखेजवळ झोपत असत. संगमरवर आतल्यांसाठी, राख बाहेरच्यांसाठी. साताऱ्याचा इतिहास तर याहून कठोर आहे. ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले, आणि ज्या तारखेला आज आपण विद्यार्थी दिवस पाळतो, ती शाळा राजवाड्याशी आहे. त्या काळाविषयी त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की गावात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्यांच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हते, म्हणून थोरली बहीणच भावांचे केस कापत असे. १९०१ सालच्या उन्हाळ्यात ही मुले साताऱ्याहून खटाव तालुक्यातल्या गोरेगावला वडिलांकडे निघाली. नवे कपडे घालून, आनंदात. मसूर स्टेशनावर उतरल्यावर त्यांची जात कळली, गाडीवान मिळेना, दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली ती त्यांनीच हाकायची या अटीवर, आणि जेवणाचा डबा सोबत असूनही रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. पिण्याला जिथे पाणी नाही तिथे आंघोळीचे काय बोलावे. त्याच्याही आधी, १८६८ साली, जोतीरावांनी पुण्यात आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांचे घराणे मूळचे याच जिल्ह्यातल्या कटगुणचे.

हे सगळे वाचलेले होते. पण दवाखान्यासमोरची ती बाई भेटल्यानंतर भावाशी फोनवर बोलताना आणखी एक माणूस आठवला. आमच्याच गावचा, वडिलांच्याच गिरणीतला, त्याच रात्रीच्या गाडीने येणारा. तो रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होता. साळखात्यात त्याच्या समाजाच्या माणसाला घेत नसत, कारण तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो उष्टा धागा चालत नसे. पहाटे सगळे पुरुष दुकानाकडे निघत तेव्हा हा मात्र आमच्याजवळ थांबे, मला गोळी देई, आईला चहा आणून देई आणि म्हणे, "मी घरीच करतो आंघोळ, तुम्ही जा." त्याला कुणी नाही म्हटल्याचे भावाला किंवा मला माहीत नाही. त्याने कधी विचारल्याचेही माहीत नाही. घरी त्याच्याकडे पाणी आमच्यापेक्षा लांबून आणावे लागत असे. आम्ही तिघे त्या ट्रंकेशेजारी बसलेले असायचो आणि तिघांच्याही नाकात तोच साबणाचा वास येत असायचा.

म्हणून मला आता वाटते की एखाद्या गावाचे मोठेपण मोजायचे तर तिथल्या हमामाचा घुमट पाहून मोजू नये. परगावच्या, अनोळखी, थकलेल्या माणसाला तिथे आंघोळ मिळते का, आणि कोणत्याही माणसाला मिळते का, हे पाहावे. त्यासाठी संगमरवर लागत नाही, हे एका गरीब बाईने दाखवून दिले आहे. १८३२ साली लिव्हरपूलमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा किटी विल्किन्सन या आयर्लंडहून आलेल्या कष्टकरी बाईच्या घरात पाणी उकळायचा एक बंब होता. आजूबाजूच्या घरांत तो नव्हता. तिने शेजाऱ्यांना आठवड्याला एक पेनी घेऊन आपल्या घरात कपडे आणि अंथरुणे उकळून धुऊ दिली. त्यातून लोकांना शहाणपण सुचले, १८४२ साली त्या शहरात सार्वजनिक न्हाणीघर आणि धुण्याचे घर उभे राहिले आणि १८४६ साली ब्रिटिश संसदेने अशा घरांसाठी कायदा केला. एका स्वयंपाकघरातल्या बंबापासून कायद्यापर्यंत चौदा वर्षे लागली. आपल्याकडे बिंदेश्वर पाठकांनी १९७० साली सुलभचे काम सुरू केले आणि थोडे पैसे घेऊन स्वच्छ संडास आणि आंघोळीची जागा देता येते, लोक ते पैसे देतात, हे दाखवून दिले. म्हणजे करायचे कसे, हे कुणाला नव्याने शोधायचे नाही.

ते जुने दुकान अजून आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, मुंबईकर कायमचे गावी परतले किंवा मुंबईतच विरून गेले, आणि पहाटेचे ते गिऱ्हाईक हळूहळू आटले. घराघरांत न्हाणीघरे आणि गिझर आले. बंब मोडीत गेला. गेल्या महिन्यात मी तिथे गेले तेव्हा मालकाच्या नातवाने मला मागचा बोळ दाखवला. दोन न्हाण्या पाडून वॉशबेसिनची खुर्ची बसवली आहे, एकीत खोकी ठेवली आहेत. शहाबादी फरशी मात्र तीच आहे आणि तिचा उतारही तसाच मोरीकडे. त्याच्या आजीच्या हाताची मी आठवण सांगितली तेव्हा तो काम थांबवून ऐकत राहिला. बायकांसाठी काही करता येईल का असे विचारल्यावर त्याने सरळ सांगितले, "मावशी, इथं जागा नाही आणि रस्ता पुरुषांच्या दुकानातून. वेगळं दार पाहिजे, वेगळी बाई पाहिजे." त्याचे बरोबर होते.

मग मी हा विषय आमच्या महिला मंडळात काढला. दवाखान्याच्या परिसरात एक बंद पडलेला गाळा आहे, त्याला मागून दार आहे. छतावर सौर बंब, आत दोन न्हाण्या, एक बसायचा ओटा, दिवसभर एक बाई कामाला. बहुतेकजणी उत्साहाने बोलल्या. एकीने विचारले की कुठकुठल्या बायका येतील, आपल्याला माहीत तरी असेल का. खोलीत जरा शांतता झाली. मी म्हटले, माहीत नसेल, आणि विचारायचेही नाही. नाव, गाव, आडनाव लिहायची वही तिथे ठेवायची नाही. यावर पुष्कळ चर्चा झाली आणि शेवटी वही ठेवायची नाही असेच ठरले. दर मात्र ठरायचा आहे. दहा रुपयांच्या पुढे जाऊ नये असा माझा आग्रह आहे, आणि दहाही ज्यांच्याकडे नसतील त्यांच्यासाठी काय करायचे यावर अजून एकमत व्हायचे आहे.

घरी येऊन आईला सांगितले तेव्हा तिने सूचनांची यादीच दिली. कडी आतून हवी आणि दणकट हवी. लुगडे ठेवायला उंचावर खुंटी हवी, फरशीवर ठेवले की ओले होते. बसायला पाट नको, दगडी ओटा हवा; म्हाताऱ्या बायकांना खाली बसून उठता येत नाही. आरसा हवा, लहान का असेना. बाळंतीण आली तर तिला एक बादली पुरायची नाही. आणि कामाला बाई ठेवाल ती हसतमुख पाहून ठेवा, कारण कुणी मागितले तर तिने पाठ चोळून द्यायला हवी. हे सगळे मी अर्जाच्या मसुद्यात उतरवून घेतले आहे. कडी, खुंटी, ओटा आणि आरसा अंदाजपत्रकात आले आहेत. पाठ चोळण्याचा मुद्दा कोणत्या सदरात लिहावा हे मंडळाच्या हिशेबनीस बाईंना सुचेना, तेव्हा त्यांनी तो शेवटी, वेगळ्या ओळीत, जसाच्या तसा घातला. गाळा पाहायला पुढच्या सोमवारी सकाळी जायचे आहे.